सकाळी सहाची गाडी, अकराचं गॅरेज

निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरला की बातमी द्राक्षांची होते. बागांमधून शेकोट्या पेटतात, पहाटे मोटारी सुरू करून झाडांना पाणी सोडतात. आमच्या घरी त्याच दिवसांत दुसराच घोर असतो, तो अण्णांच्या प्रीमियर पद्मिनीचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, आमची अजून शेडमध्ये आहे. सकाळी सहाला सेल्फ मारावा तर नुसती घरघर, पकडायचं नाव नाही. उन्हं वर आली की मुकाट सुरू होते. अकराला गॅरेजात नेली तर मिस्त्रीनं चावी फिरवताच पहिल्या झटक्यात चालू. ‘काय नाय झालं गाडीला,’ तो म्हणतो. खोटं बोलत नाही बिचारा. अकरा वाजता तिला खरंच काही झालेलं नसतं.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याच्या गाडीचं थंडीतलं दुखणं हे असं. इंजिन तापलं की पुरावा गेला. तपासायची तर रात्रभर उभी असलेली गाडी तपासावी, तीही पहिला सेल्फ मारायच्या आधीपासून. दुपारी बदललेले प्लग आणि साफ केलेले जेट (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक नळ्या) हे बहुतेक वेळा अंदाजपंचे असतात.

थंडीत नेमकं अडतं काय? पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत ही वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेट घेते. त्यात पेट्रोल हा काही एकच पदार्थ नाही, शेकडो हायड्रोकार्बनांची ती मिसळ आहे. त्यातले काही घटक ३५ अंशांच्या आसपासच उकळतात, तर काहींना २०० अंश लागतात. तापलेल्या इंजिनात सगळ्यांची वाफ होते. गारठलेल्या इंजिनात फक्त हलक्या घटकांची होते, बाकीचं पेट्रोल मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या, भिंतींना ओलं चिकटून राहतं. पुस्तकातलं प्रमाण म्हणजे वजनानं एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. पण गार सकाळी एवढंच पेट्रोल दिलं तर सिलिंडरमध्ये पोचणारी वाफ पेटण्याइतकी नसते. मग कितीतरी पट जास्त पेट्रोल ओतायचं, म्हणजे त्यातला हलका भाग तरी पुरेल. नॉब ओढून लावायचा चोक करतो ते एवढंच. काम झालं की तो परत ढकलायचा, नाहीतर प्लग काजळतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जातं.

आणखी एक भानगड असते. वाफ होताना पेट्रोल भोवतालची उष्णता घेतं. हातावर स्पिरिट घेतलं की गार लागतं, तसंच. योग्य प्रमाणातलं सगळं पेट्रोल उडालं तर हिशोबानं आत येणारी हवा २०-२५ अंशांनी थंड होते. त्यामुळे बाहेर आठ-दहा अंश आणि धुकं असेल, तर सुरू झालेली गाडीसुद्धा दोन-तीन किलोमीटरवर अचानक मरगळून बंद पडू शकते. कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ धरलेला असतो. रस्त्याकडेला पाच-दहा मिनिटं थांबा, इंजिनच्या उबेनं तो वितळतो आणि गाडी काही झालंच नाही अशी निघते. महाबळेश्वरच्या धुक्यात हा अनुभव आला तर एसी पंपाला, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनवरच्या पंपाला, शिव्या देण्याआधी बर्फाचा विचार करा.

२०२३पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, त्यानं जुन्या गाड्यांच्या सकाळी आणखी अवघड केल्या. इथेनॉलची वाफ करायला किलोमागे पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता लागते. शिवाय त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, एका भागाला नऊच भाग हवा पुरते. जेटचं भोक मात्र जुन्या पेट्रोलच्या मापानं पाडलेलं. म्हणजे मिश्रण आपोआप पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि गार इंजिनाला पातळ मिश्रण मुळीच चालत नाही. आमच्या जिल्ह्यातले ऊसवाले हे वाचून माझ्यावर चिडतील, पण रसायनाला आपलं-परकं कळत नाही.

आता तपासणीकडे. आधी कान लावा. सेल्फ दमात फिरतोय की कण्हतोय? गारठ्यात ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीचा जोरही कमी पडतो, दोन्ही एकाच वेळी. उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ चालू असताना ती ९.६च्या खाली गेली तर कार्बोरेटरला हात लावायचं कारण नाही. एक खूण फार बोलकी आहे : सेल्फ फिरतोय तोवर काही नाही, आणि चावी सोडताक्षणी इंजिन ‘भुक्’ करून पकडायला बघतं. सेल्फनं सगळा करंट ओढलेला असतो, ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलला काही उरतच नाही. चावी सोडली की कॉइलला पुन्हा व्होल्टेज मिळतं आणि ठिणगी पडते. अशा वेळी बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची पट्टी बघा. गंजलेल्या पट्टीनं कित्येक नव्या बॅटऱ्या विनाकारण विकत घ्यायला लावल्यात.

ठिणगीची तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण ती अंधारातच करायची असते. पहाटे बॉनेट उघडा, दिवा बंद करा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लगकडे करंट नेणाऱ्या एचटी वायरींवरून, तो प्लगांना वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावरून बारीक निळे किडे सरपटताना दिसले, तर करंट प्लगपर्यंत न जाता दवाच्या ओलीवरून पळतोय. कोरड्या फडक्यानं पुसा, टोपण उघडून आत तडा किंवा काजळीची रेघ आहे का पाहा. कोकणात हीच तक्रार जुलैत येते, तिथे थंडीची वाट बघावी लागत नाही.

मग प्लग काढा. बरंच सेल्फ मारूनही कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. ओला आणि वासाचा निघाला तर पेट्रोल येतंय, पेटत नाहीये किंवा जास्त झालंय. जास्त झालं असेल तर चोक पूर्ण आत, ॲक्सिलरेटर तळापर्यंत, आणि सेल्फ. आठवडाभर उभ्या गाडीचा प्लग कोरडा मिळाला तर घाबरू नका. फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उडून गेलेलं असतं आणि एसी पंप इंजिन फिरल्याशिवाय ते भरत नाही. हा गारठ्याचा दोष नाही, उभं राहण्याचा आहे. बाटलीनं कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायची आपल्याकडे फार हौस. एक उलटा भडका आला की भुवया जातात, कधी गाडीही जाते.

आमच्या पद्मिनीत यातलं काहीच सापडलं नाही. बॅटरी ठीक, ठिणगी निळी, प्लग जेमतेम ओलसर. उरला चोक. मारुती ८००सारख्या गाड्यांत चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप. ती मिटली की ओढ थेट जेटपर्यंत पोचते. आमच्या गाडीच्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये अशी झडप नाही. भोकं पाडलेली एक चकती आहे. नॉब ओढला की ती फिरते आणि थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेच्या) खालच्या बाजूला पेट्रोलची वेगळी वाट उघडते. त्या वाटेनं पेट्रोल ओढलं जातं ते मिटलेल्या थ्रॉटलखाली तयार होणाऱ्या ओढीनं. थ्रॉटल उघडला की ओढ गेली, ओढ गेली की चोक असून नसल्यासारखा. आणि अण्णा चाळीस वर्षं सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर दाबून धरत आलेत.

एका पहाटे एअर फिल्टर काढून, टॉर्च तोंडात धरून मी कार्बोरेटरवर वाकलो आणि अण्णांना नॉब ओढायला सांगितलं. नॉब पूर्ण बाहेर आला, कार्बोरेटरवरची दांडी मात्र अर्ध्यातच थांबली. चोक केबलचं वरचं वेष्टण धरणारा स्क्रू ढिला होता, त्यामुळे तारेबरोबर वेष्टणही सरकत होतं. अर्धा चोक दुपारी पंचवीस अंशांत पुरून उरायचा, सहा अंशांत नाही. वेष्टण जागेवर आणलं आणि स्क्रू आवळला. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. सीटवर अण्णा होते. पाय काढून ठेवा म्हणून मी तीनदा सांगितलं होतं. त्यांनी तो काढला नव्हता असं ते म्हणतात, आणि म्हणूनच ती सुरू झाली असंही.