प्राणिसंग्रहालयांतील दुर्मीळ पाळीव जातींचे संगोपन

संख्येने अत्यंत घटलेल्या गाई, मेंढ्या, शेळ्या, डुकरे, गाढवे, कोंबड्या इत्यादींच्या जाती प्राणिसंग्रहालयात राखून त्यांची शुद्ध वंशात पैदास करण्याच्या कार्याला ही संज्ञा लावली जाते. वन्यजीवांच्या बाबतीत संपूर्ण प्रजाती नष्ट होण्याची भीती असते. येथे मात्र गाय किंवा मेंढी ही प्रजाती सुरक्षित असूनही तिच्यातील एखादी जात नामशेष होऊ शकते. तिच्याबरोबर विशिष्ट हवामान, चारा आणि रोग यांच्याशी जुळवून घेण्याची, पशुपालकांच्या कित्येक पिढ्यांनी निवडीतून घडवलेली क्षमता जाते आणि ती पुन्हा निर्माण करता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रांनी ओढकामाची जनावरे निरुपयोगी ठरवली, तर कृत्रिम रेतनामुळे मोजक्या अधिक उत्पादक जाती सर्वत्र पसरल्या. फ्रान्समधील प्वातू गाढव मुख्यतः खेचरांच्या पैदाशीसाठी पाळले जाई. खेचरांची मागणी संपताच त्याची इतकी घट झाली की १९७७ च्या गणतीत केवळ ४४ जनावरे आढळली. इंग्लंडमधील लिंकनशायर कर्ली कोट हे दाट कुरळ्या केसांचे डुक्कर १९७२ पर्यंत नामशेष झाले.

१९६० च्या दशकात लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने व्हिप्सनेड येथील आपल्या उद्यानात काही दुर्मीळ जातींचे कळप राखले होते. परंतु ते कायम तेथे राहू शकले नाहीत आणि त्यांच्यासाठी नव्या जागा शोधाव्या लागल्या. त्यांतील काही जनावरे स्वीकारणारे शेतकरी जो हेन्सन यांनी १९७१ मध्ये कॉट्सवोल्ड फार्म पार्क लोकांसाठी खुले केले, आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये दुर्मीळ जातींच्या रक्षणासाठी रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट स्थापन झाला. केवळ एका संग्रहालयाच्या धोरणावर जातीचे भवितव्य सोपवणे किती धोक्याचे आहे, हे या प्रसंगातून पुरेसे स्पष्ट होते. उत्तर जर्मनीतील आर्खे वार्डर हे प्राणिउद्यान तर संपूर्णपणे याच कार्याला वाहिलेले असून स्वित्झर्लंडमध्ये १९८२ मध्ये स्थापन झालेली प्रोस्पेसिएरारा ही संस्था पशुपालकांबरोबर प्राणिउद्यानांचेही सहकार्य घेते.

संग्रहालयातील संवर्धनाची खरी कसोटी आनुवंशिकतेत लागते. जनावरांची प्रत्यक्ष संख्या आणि वंशाच्या दृष्टीने परिणामकारक संख्या (म्हणजे आनुवंशिक विविधतेच्या हिशेबाने कळप किती जनावरांइतका ठरतो ती संख्या) यांत मोठे अंतर असते, कारण प्रत्येक पिढीचा निम्मा वारसा नरांकडून येतो. एक वळू आणि वीस गाई असा कळप पाहणाऱ्याला भरभक्कम वाटतो. प्रचलित सूत्राने मात्र त्याची परिणामकारक संख्या चारहूनही कमी भरते. त्याच एकवीस जनावरांत पाच नर आणि सोळा माद्या असतील तर ती पंधराच्या आसपास जाते. ही संख्या पन्नास असली तरी निकटप्रजननाची, म्हणजे जवळच्या नात्यातील जनावरांच्या संकराची, पातळी दर पिढीला सुमारे एक टक्क्याने वाढते. कोणत्याही एका संग्रहालयाला इतके नर वेगवेगळे बांधून सांभाळणे परवडत नाही. म्हणून येथील कळप हा सामायिक वंशनोंदवहीत नोंदलेल्या मोठ्या समूहाचा भाग मानूनच चालवावा लागतो, नरांची नियमित अदलाबदल करावी लागते आणि गोठवलेले वीर्य व भ्रूण साठवून ठेवावे लागतात. नोंदवहीत नसलेले देखणे जनावर प्रदर्शनाला उपयोगी पडते, संवर्धनाला जवळजवळ नाही.

जात तिच्या मूळ परिस्थितीतून उचलल्यावर काय घडते, याचे बोलके उदाहरण ऑर्कनी द्वीपसमूहातील नॉर्थ रोनाल्डसे मेंढीचे आहे. नॉर्थ रोनाल्डसे बेटाभोवती १८३२ मध्ये बांधलेल्या, मेंढ्यांना आतल्या जमिनीबाहेर ठेवणाऱ्या दगडी भिंतीमुळे ही मेंढी वर्षाचा बराच काळ किनाऱ्यावर राहून समुद्री शेवाळावर जगू लागली. त्या आहारात तांब्याचे शोषण कमी होत असल्याने तिचे शरीर मिळेल तेवढे तांबे शोषून घेते. परिणामी साध्या गवतावर आणि नेहमीच्या खुराकावर तिला तांब्याची विषबाधा होऊ शकते. तिच्यासाठी १९७४ मध्ये लिंगा होल्म हे बेट विकत घेऊन दुसरा कळप वसवण्यात आला, आणि हा मार्ग कुंपणातील संगोपनापेक्षा निश्चितच श्रेयस्कर होता. संग्रहालयात दुधाची, ओढकामाची किंवा डोंगरउतारावर चरण्याची परीक्षा होत नाही. तेथे नकळत शांत आणि दिसायला आकर्षक जनावरांची निवड होत जाते. भेट देणाऱ्या शहरी मुलांना पाळीव प्राण्याचा जवळून परिचय होतो, हा लाभ मोठा आहे. पण त्याची गल्लत वंशरक्षणाशी करू नये.

जन्मणाऱ्या पिलांपैकी जवळपास निम्मी नर असतात आणि त्यांतील थोडीच पैदाशीला लागतात. उरलेल्यांचे खच्चीकरण करून ती पोसावी, शेतकऱ्यांना द्यावीत की मांसासाठी वापरावीत, हा निर्णय संग्रहालयांना जड जातो, कारण प्रेक्षकांनी त्यांना नावाने ओळखलेले असते. तथापि यांतील बहुतेक जाती मांस, दूध किंवा लोकर यांसाठीच टिकून राहिल्या, आणि उत्पादनाला गिऱ्हाईक मिळाले की पशुपालक त्यांच्याकडे पुन्हा वळतात.

रोगांचा धोका दुहेरी असतो. लाळ-खुरकूत हा रोग गाई-मेंढ्यांप्रमाणे शेजारच्या कुंपणातील हरणांना आणि कुरंगांनाही होतो, त्यामुळे नव्या जनावराला विलग ठेवणे व क्षयरोग, सांसर्गिक गर्भपात यांच्या चाचण्या करणे अपरिहार्य असते. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची साथ आली तेव्हा लाखो जनावरे मारावी लागली आणि एकाच भागात एकवटलेल्या हर्डविकसारख्या मेंढ्यांचे अस्तित्व धोक्यात आले. त्यानंतर ब्रिटनमध्ये देशी मेंढ्यांचे वीर्य व भ्रूण गोठवून ठेवण्याच्या कामाला वेग आला.