बंदुकीचं लायसन कसं काढायचं, आणि ते असलं की पिस्तूल लावून बारमध्ये बसता येतं का?

दुसरा प्रश्न आधी घेतो कारण लोक लायसन हातात पडायच्या आधीच तो विचारतात. लायसनची आहे ना, मग कमरेला लावून परमिट रूममध्ये गेलो तर काय बिघडलं? आता खरं सांगायचं तर 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम, दोन्हीत बारचं नाव घेऊन वेगळं कलम असं नाहीये, आणि याच फटीत बोट घालून काही जण मिरवतात. पण नियम 32 वाचा. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या बॅगेत, पूर्ण झाकलेलं, आणि त्यावर तुमचा नीट ताबा पाहिजे. बाहेर काढून दाखवणं, उडवणं, अगदी बिनगोळीचं काडतूस वाजवणंसुद्धा बंद, केलंत तर लायसन जातं. तीन पेगनंतर ताबा कोणाचा असतो हे मी सांगायला नको.

शिवाय लायसनवर अटी छापलेल्या असतात ज्या कोणी वाचत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची खास परवानगी नसेल तर जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, लोकांच्या जमावात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र न्यायचं नाही. अट मोडली तर कलम 30 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हळदीला नाहीतर वरातीत दारू पिऊन हवेत बार काढणाऱ्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीत वेगळी सोय केलीय, लोकांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, मग कोणाला गोळी लागो न लागो.

दिल्लीचं जेसिका लाल प्रकरण आठवत असेल. एप्रिल 1999, मेहरौलीतलं रेस्टॉरंट, बार बंद झालाय दारू मिळणार नाही एवढंच तिथे दारू देणारी जेसिका म्हणाली आणि मनू शर्मा या गिऱ्हाइकाने तिला गोळी घातली. ते .22 चं पिस्तूल लायसनचं होतं, बेकायदा गावठी कट्टा नव्हता. म्हणून लायसन आहे म्हणजे माणूस जबाबदारच असणार हे मला पटत नाही, बसायला जायचं असेल तर हत्यार घरी कुलपात ठेवून जा, एवढं साधं आहे.

आता अर्ज. वय 21 पूर्ण पाहिजे (गंमत बघा, महाराष्ट्रात बिअर 21 ला पण व्हिस्की 25 ला, म्हणजे पिस्तूल व्हिस्कीच्या 4 वर्षं आधी). हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर सुटल्यावर 5 वर्षं विसरा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर अर्ज आयुक्तांकडे, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांकडे. फॉर्म ए-1, तो एनडीएएल-एएलआयएस या शस्त्र परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर भरायचा, सोबत फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार-पॅन, राहत्या पत्त्याचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र, हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. पिकाच्या राखणीसाठी मागत असाल तर 7/12 लागतोच.

आणि मेडिकल सर्टिफिकेट, फॉर्म एस-3. यात तब्येत आणि मानसिक स्थिती तर आहेच, पण डॉक्टरला हेही लिहून द्यावं लागतं की हा माणूस दारू किंवा ड्रग्जच्या आहारी गेलेला नाही. काही जण ओळखीच्या डॉक्टरकडून दोन मिनिटांत सही आणतात आणि ते मला सगळ्यात धोकादायक वाटतं, कारण दारूबद्दल थेट विचारणारा कागद हाच आहे.

खरी अडचण कागदांची नसतेच, कारणाची असते. नुसतं "जिवाला धोका आहे" लिहून भागत नाही, धमकीची तक्रार, एफआयआरची कॉपी, मोठ्या रोकडीची ने-आण करावी लागते त्याचा पुरावा असं काहीतरी ठोस लावा. मग फाइल तुमच्या पोलीस स्टेशनला जाते, शेजारीपाजारी चौकशी, जुने गुन्हे, सगळं बघतात. नियमात पोलीस रिपोर्टला 30 दिवस आणि तो आल्यावर निर्णयाला 60 दिवस दिलेत, प्रत्यक्षात किती लागतात ते तुमच्या नशिबावर. नाकारलं तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. मिळालं तर 5 वर्षांचं, आणि एका माणसाला जास्तीत जास्त 2 हत्यारं, पूर्वी 3 चालायची.

मिळालेलं काढूनही घेतात. बीडमध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ फिरले आणि 2025 मध्ये तिथल्या प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले.

बाहेरगावी लग्नाला वगैरे जाताय आणि घरी कोणी नाही, तर हत्यार गाडीच्या डॅशबोर्डात टाकून बारच्या पार्किंगमध्ये सोडू नका, चोरीला गेलं तर पहिली चौकशी तुमचीच होणार. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे किंवा पोलीस स्टेशनला जमा करता येतं, पावती मात्र घ्या आणि त्यावर हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या बरोबर लिहिलीय का तिथेच बघा. आणि हॉटेल चालवत असाल आणि गिऱ्हाइकाच्या कमरेला काही दिसलं तर वेटरला पुढे करू नका, वादही घालू नका, गुपचूप 112 ला फोन करा.