रॉल्फ ब्रॉयर आणि किर्श प्रकरण: पार्श्वभूमी

रॉल्फ ब्रॉयर 1966 मध्ये जर्मनीच्या डॉइश बँकेत आले, 1985 मध्ये संचालक मंडळावर गेले आणि 1997 मध्ये बँकेची सूत्रे त्यांच्या हाती आली. मूळ पिंड शेअर बाजाराचा. 1999 मध्ये त्यांनी सुमारे 10 अब्ज डॉलर मोजून एक अमेरिकी बँक घेतली. पुढच्या वर्षी फ्रँकफर्टमधल्याच प्रतिस्पर्धी बँकेशी जाहीर केलेले विलीनीकरण महिनाभरात फिसकटले. एरवी याच दोन व्यवहारांवरून त्यांची कारकीर्द जोखली गेली असती.

पण फेब्रुवारी 2002 मध्ये त्यांची एक दूरचित्रवाणी मुलाखत झाली. माध्यमसम्राट लिओ किर्श तेव्हा कर्जात गळ्यापर्यंत बुडाले होते. फुटबॉल आणि फॉर्म्युला वनच्या हक्कांवर त्यांनी अफाट पैसा ओतला होता. त्यांना आणखी मदत मिळेल का, असे विचारल्यावर ब्रॉयर म्हणाले, की वाचनात-ऐकण्यात येते त्यावरून तरी आहे त्या स्थितीत आणखी पैसे द्यायला वित्तक्षेत्र तयार दिसत नाही. कर्जदाराची पत त्याच्याच बँकेच्या प्रमुखाने चव्हाट्यावर काढावी! एप्रिलमध्ये किर्श यांच्या मुख्य कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ‘रॉल्फनेच मला गोळी घातली’, हा त्यांचा आरोप शेवटपर्यंत कायम राहिला.

ते वाक्य तोंडून निसटले, की मुद्दाम बोलले गेले? मुलाखतीच्या काही दिवस आधी संचालकांच्या बैठकीत किर्श समूहाचा विषय निघाला होता. समूहावर दबाव आणून त्याच्या फेररचनेचे काम पदरात पाडून घ्यायचा बँकेचा डाव होता, असा संशय त्यातून आला. म्युनिकच्या वरिष्ठ न्यायालयाने 2012 मध्ये बँकेला जबाबदार धरले ते याच धाग्यावरून. मात्र समूहाची अडचण बाजाराला आधीच ठाऊक होती, त्यामुळे एका वाक्याने तो बुडाला हे पटत नाही. बँकेने ग्राहकाशी असलेली निष्ठा मोडली, हे मात्र सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जानेवारी 2006 मध्येच ठरवले होते. त्याच वर्षी ब्रॉयर बँकेच्या पर्यवेक्षक मंडळाच्या (संचालकांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या) अध्यक्षपदावरून गेले.

खरा हट्ट बँकेचा. 2011 मध्ये किर्श वारले, तरी खटले चालूच राहिले. 2012 च्या सुरुवातीला तडजोड जवळपास ठरली होती, ती संचालकांनीच फेटाळली. अखेर 2014 मध्ये वारसांना सुमारे 92.5 कोटी युरो द्यावे लागले. ब्रॉयर यांनी 2016 मध्ये स्वतःच्या खिशातून बँकेला 32 लाख युरो देण्याचे कबूल केले. संचालकांच्या जबाबदारीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांनी 9 कोटी युरो भरायचे ठरले. न्यायालयाची दिशाभूल केल्याच्या फौजदारी आरोपातून ब्रॉयर आणि बँकेचे इतर चौघे त्याच वर्षी सुटले.