पाणी उकळून पिण्याची सूचना

नळाच्या पाण्यात रोगजंतू शिरले आहेत किंवा शिरले असावेत अशी शंका आली, की स्थानिक पाणीपुरवठा यंत्रणा किंवा आरोग्य खाते रहिवाशांसाठी काढते ती तातडीची सूचना. बहुतेक वेळा ती शंकेवरच काढावी लागते. ई. कोलाय जंतूंच्या नेहमीच्या तपासणीला १८ ते २४ तास लागतात आणि तोवर लोक पाणी पीतच असतात.

जलवाहिनी फुटणे, पंप बंद पडणे, क्लोरीन कमी पडणे, पाण्याचा गढूळपणा अचानक वाढणे ही नेहमीची कारणे. फुटलेली वाहिनी दिसते तरी. दाब घटल्याचे कोणाला दिसत नाही. वाहिनीत पुरेसा दाब असेतो गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जाते. दाब पडला की त्याच सांध्यातून भोवतालचे घाण पाणी आत ओढले जाते.

पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसेच उकळत ठेवावे, असा सर्वसाधारण नियम आहे. सुमारे २,००० मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून तेथे तीन मिनिटे. पिणे, स्वयंपाक, बर्फ, दात घासणे आणि तान्ह्या मुलांचे दूध या सगळ्याला हेच पाणी वापरायचे. अंघोळ चालते, पाणी तोंडात जाऊ देऊ नये इतकेच. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, पण उकळल्यावर मरतो. शिसे किंवा नायट्रेट मात्र उकळून जात नाही. वाफ उडून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. अशा वेळी ‘पाणी पिऊ नका’ ही वेगळी सूचना निघते. या दोहोंत गल्लत झाली तर उपायच अपाय ठरतो.

कॅनडातील वॉकर्टन गावात मे २००० मध्ये मुसळधार पावसानंतर विहिरीत ई. कोलाय शिरले. दूषित नमुन्यांचा अहवाल पाणीपुरवठा यंत्रणेच्या हाती असूनही आरोग्य खात्याला पाणी ठीक असल्याचे सांगण्यात आले. खात्याने अखेर स्वतःच्या अंदाजावर २१ मे रोजी सूचना काढली. ती रेडिओवरून दिली गेली आणि त्या दिवशी अनेकांपर्यंत पोहोचलीच नाही. सात जण दगावले, सुमारे २,३०० आजारी पडले. याउलट १९९८ मध्ये सिडनीत लाखो लोकांनी कित्येक आठवडे पाणी उकळले, पण रुग्ण वाढल्याचे आढळले नाही. त्यावरून पुष्कळ टीका झाली. तरी दोन चुकांपैकी ही परवडणारी, हे वॉकर्टनकडे पाहून मान्य करावे लागते.

नमुने लागोपाठ शुद्ध आल्यावर सूचना मागे घेतात. त्यानंतर नळ काही मिनिटे वाहते ठेवून साठलेले पाणी काढतात, आधीचा बर्फ टाकून देतात. काही दिवसांसाठी असलेली ही सोय क्वचित कायमचीही होऊन बसते: कॅनडातील नेस्कँटागा या आदिवासी वस्तीत १९९५ साली लागू झालेली सूचना पाव शतक उलटल्यावरही उठली नव्हती.