जुने पॅच, नवा प्रोसेसर : सीमाभागातल्या गिटारवादकांपुढच्या तिढ्याची पार्श्वभूमी

गणेशोत्सव दोन महिन्यांवर आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ऑर्केस्ट्रांमध्ये गिटारवाल्यांचा एक विषय दरवर्षी निघतो. प्रोसेसर, म्हणजे गिटारच्या आवाजाला अ‍ॅम्प आणि इफेक्टचं रूप देणारं यंत्र, बदलायचा, की आहे त्यावरच यंदाही भागवायचं? बदलणारे अलीकडे वाढले आहेत. बाहेरचे आयआर (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाचे डिजिटल ठसे) घेणारे, खऱ्या अ‍ॅम्पचे कॅप्चर वाजवणारे प्रोसेसर आता आवाक्यात आलेत. पण यंत्र घरी आल्यावर आठवडाभरात दोन तक्रारी ठरलेल्या. जुने पॅच, म्हणजे गाण्यागाण्यासाठी साठवून ठेवलेले टोन, यात जात नाहीत, आणि घरी हेडफोनवर बसवलेला टोन मांडवात हरवतो. दोन्हींची मुळं बरीच मागे जातात.

व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प सीमाभागात कधी रुळलेच नाहीत. किंमत हे एक कारण. व्हॉल्व्ह गेला तर तो शोधायला मुंबई नाहीतर बेंगळुरू गाठा, म्हणजे कुठेही गेलात तरी पाचशे किलोमीटरच्या आसपास. त्यात ऑर्केस्ट्राचं सामान टेम्पोतून, पावसापाण्यातून, खानापूरच्या रस्त्यांवरून हिंडणारं. काचेच्या नळ्यांचा जड पेटारा कोण वागवणार? बाहेरच्या जगात मॉडेलर, म्हणजे अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र, आला तो असलेल्या अ‍ॅम्पची जागा घ्यायला. इथं ती जागा रिकामीच होती. गिटार प्रोसेसरमध्ये, प्रोसेसर थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये, ही जोडणी इथं पहिल्यापासूनची. ‘अगदी खऱ्या प्लेक्सीसारखा’ या जाहिरातीला इथं फारसं वजन कधी नव्हतं, कारण खरा प्लेक्सी, म्हणजे मार्शलचा तो जुना गाजलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, ऐकलेला माणूस तालमीत नसायचाच. वादकाला कळायचं ते एवढंच की हा आवाज मांडवातल्या टॉपमधून (मोठ्या स्पीकरमधून) कसा येतो.

1995ची जपानी गिटार सिस्टीम, 1996चा पहिला डिजिटल मॉडेलिंग अ‍ॅम्प, 1998चा लाइन 6 कंपनीचा, राजम्याच्या दाण्यासारखा लाल पॉड हा मॉडेलिंगचा बाहेरचा क्रम. इथं आधी पोचली ती दोन आकडी डिस्प्लेची छोटी जपानी मल्टिइफेक्ट पेडलं. त्यांत पॅचला नाव देता येत नसे, नुसती बँक (गट) आणि क्रमांक. त्यामुळे जाड पुठ्ठ्यावर बॉलपेनने गाण्यांची यादी आणि समोर क्रमांक, वरून रुंद सेलोटेप, असा तक्ता पायाशी ठेवलेला असायचा. एकाच तक्त्यात सुरुवातीची गणेशवंदना, मग मराठी भावगीत, कोळीगीत, कन्नड चित्रपटगीत आणि सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी. बेळगावात एका रात्रीत तिन्ही भाषा वाजवाव्या लागतात, कॅम्पातल्या चर्चच्या कार्यक्रमात कोकणीही. एवढ्या वेगवेगळ्या गाण्यांना पुरणारे पॅच एका बैठकीत होत नाहीत. दर कार्यक्रमानंतर थोडा ट्रेबल उतरव, डिले जरा मागे घे, असं करत ते वर्षानुवर्षं पिकतात.

पॉड 2.0 इकडे दिसू लागला तो बहुतेक वापरलेला, गोव्यातून नाहीतर गल्फमधून परतणाऱ्या नातलगांच्या सामानातून. त्याला 9 व्होल्टचा एसी अ‍ॅडाप्टर लागतो. बाकी सगळ्या पेडलांना डीसी, यालाच एसी. अ‍ॅडाप्टर हरवला की बाजारातला नेहमीचा चालत नाही, ट्रान्सफॉर्मर वेगळा करून घ्यावा लागतो.

खरा बदल 2010 नंतरचा. त्या वर्षी पॉड एचडीची पिढी आली आणि एचडी 500 हे जमिनीवर ठेवायचं यंत्र ऑर्केस्ट्रावाल्यांना मानवलं. पॅचला नाव देता येऊ लागलं, पुठ्ठ्याचा तक्ता गेला, संगणकावर पॅचचा बॅकअप ठेवता येऊ लागला. 2013ला एचडी 500 एक्स आला तेव्हा जुने पॅच नव्यात घेता आले. त्यामुळे लोकांची समजूत अशी झाली की पॅच ही आपली कायमची पुंजी आहे, यंत्र बदललं तरी ती सोबत येणार. 2015ला त्याच घराण्याचा हेलिक्स आला आणि या समजुतीला धक्का बसला. एचडीचे पॅच हेलिक्समध्ये उघडत नाहीत, आणि त्यासाठीचं रूपांतराचं साधन कंपनीने दिलं नाही.

हा निर्णय आजही वादाचा आहे. इथल्या वादकांना तो जिव्हारी लागला, म्हणून त्याची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. पॅचच्या फाइलमध्ये आवाज नसतो. कोणता अ‍ॅम्प, कोणता कॅब (स्पीकरची पेटी), कोणता इफेक्ट कितव्या जागी आणि प्रत्येक नॉब कुठे, एवढीच नोंद असते. आवाज तयार करतं ते यंत्रातलं मॉडेल. हेलिक्समध्ये अ‍ॅम्पची मॉडेलं नव्याने लिहिली होती. जुन्यात ड्राइव्ह 45वर जे होत असे ते नव्यात 45वर होईल याची खात्री नाही, कारण नॉब फिरवताना आवाज कोणत्या वळणाने वाढतो हेच बदललेलं. आकडे तसेच्या तसे उतरवले असते तर पॅच उघडला असता, पण वेगळाच वाजला असता, आणि दोष नव्या यंत्रावर आला असता. कंपनीच्या बाजूने हा युक्तिवाद मजबूत आहे. बॉस या जपानी घराण्यातही तेच झालं. 2012च्या जीटी-100चे पॅच 2018च्या जीटी-1000मध्ये थेट गेले नाहीत.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि माझ्या मते तिला पुरेसा न्याय मिळालेला नाही. 2018च्या एका अपडेटमध्ये हेलिक्समध्ये त्याच कंपनीच्या जुन्या पेडलांमधले डिले, मॉड्युलेशन, रिव्हर्ब असे इफेक्ट मोठ्या संख्येने परत आणले गेले. म्हणजे जुना कोड नव्या यंत्रात चालवणं अशक्य नव्हतं. अ‍ॅम्प मात्र आणले नाहीत. पुढे 2022च्या 3.50 अपडेटमध्ये कॅबची बनावट पूर्ण बदलली, माइक हवा तिथे सरकवता येऊ लागला, आणि तेव्हा जुने कॅब लेगसी म्हणून जागेवर ठेवले, जेणेकरून कुणाचा पॅच बिघडू नये. एका पिढीच्या आत जी काळजी घेतली ती दोन पिढ्यांच्या मध्ये घेतली नाही. निदान जुनी फाइल वाचून ‘या अ‍ॅम्पला नव्यात हा जवळचा, या डिलेला हा’ असा आराखडा तयार करून देता आला असता. स्टुडिओत एका गाण्यासाठी टोन लावणाऱ्याला याची झळ कमी. तीन भाषांतली साठ-सत्तर गाणी पॅचवर बांधलेल्या माणसाला मात्र हा सगळा डोलारा पुन्हा उभा करावा लागतो, तोही उत्सवाच्या तोंडावर. ‘जुना काढून टाकू नको की, मंडळाचे कार्यक्रम होऊ देत,’ हा सल्ला इथं ज्येष्ठ वादक देतात तो त्यामुळेच.

दुसरी तक्रार, म्हणजे मांडवात टोन न बसण्याची, नव्या यंत्रांनी थोडी वाढवलीच. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही. मांडवातल्या टॉपचे हॉर्न त्याच्या बरंच वर जातात. मधे कॅबचं अनुकरण नसेल किंवा चुकीचं असेल तर डिस्टॉर्शन कर्कश भुणभुणतं. लाइन 6च्या यंत्रांत हेलिक्सपासून बाहेरचे आयआर घालण्याची सोय आली. 1024 नाहीतर 2048 सॅम्पलची ही नोंद, म्हणजे 48 किलोहर्ट्झला सुमारे 21 किंवा 43 मिलिसेकंदांची. एवढ्याशा फाइलवर पॅचचा निम्मा स्वभाव ठरतो. त्यामुळे नवीन मुलं शेकडो आयआर डाउनलोड करून हेडफोनवर निवडत बसतात, आणि तिथेच घोळ होतो. कमी आवाजात कानाला खर्ज आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, हे 1933 सालीच मोजून मांडलं गेलं आहे. खोलीत ती उणीव भरून काढण्यासाठी बास आणि ट्रेबल चढवले जातात, मधल्या पट्टीची धार काढून टाकली जाते. मांडवात आवाज चढला की बास घुमतो, ट्रेबल टोचतो, आणि मधली पट्टी कीबोर्डच्या स्ट्रिंग्जनी आधीच व्यापलेली. गिटार दिसते, ऐकू येत नाही.

यावरचा इलाज इथल्या जुन्या वादकांना फार पूर्वीपासून माहीत होता, फक्त तो लिहून ठेवलेला नव्हता. कॅबवर लो कट (खालचा खर्ज कापणारा) 100 हर्ट्झच्या आसपास, हाय कट (वरचे स्वर कापणारा) 6 किलोहर्ट्झच्या जवळ, गेन (आवाज फाडण्याचं प्रमाण) घरी वाटतो त्याहून कमी, मिड जास्त, रिव्हर्ब अर्ध्यावर. साउंडवाला एकच लाइन देणार, म्हणून पॅच आधीच मोनोत ऐकायचा, नाहीतर डाव्या-उजव्यात फिरणारा कोरस इफेक्ट एका बाजूपुरताच उरतो. लाइटच्या डिमरमुळे किंवा जनरेटरवर गुणगुण आली तर ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलचं ग्राउंड तोडणारं बटण) दाबून बघायचा. हे सगळं मोठ्या आवाजात, स्पीकरसमोर उभं राहून करायचं असतं, आणि नेमका तोच वेळ आता मिळत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. सणांसाठी वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, पण कार्यक्रम एकूण लवकरच्या वेळेकडे ओढले गेले. आरती संपली की लगेच पहिलं गाणं. साउंड चेक म्हणजे ‘हॅलो, चेक’ आणि दोन कॉर्ड.

2011च्या सुमारास प्रोफाइलिंगची, म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पचा आवाज टिपून घेण्याची, कल्पना आली, 2021ला क्वाड कॉर्टेक्स हा प्रोसेसर, 2023ला टोनेक्सचं पेडल, जोडीला मोफत सॉफ्टवेअरमधून कुणालाही करता येणारे कॅप्चर. चिनी बनावटीच्या छोट्या प्रोसेसरांनी हे सगळं आणखी खाली आणलं. कॅप्चर म्हणजे अ‍ॅम्पच्या एका विशिष्ट नॉबस्थितीचा ठसा. नंतर गेन फिरवला तर ते अंदाजाचं काम. रेकॉर्डिंगला उत्तम, पण गाण्यागाण्याला टोन बदलणाऱ्या ऑर्केस्ट्रात अजून मॉडेलिंगच सोयीचं पडतं. वाद पुन्हा होणार तो इथेही, कारण एका यंत्रातला कॅप्चर दुसऱ्यात जातोच असं नाही.

दरम्यान जुना पॅच नव्यात उभा करण्याची एक पद्धत तयार झाली आहे. गिटारचा कोरा, प्रक्रिया न केलेला आवाज यूएसबीवरून संगणकात रेकॉर्ड करायचा. तोच तुकडा जुन्या प्रोसेसरमधून मिक्सरच्या एका चॅनलवर, नव्यातून दुसऱ्यावर सोडायचा आणि दोन्हींची पातळी आधी सारखी करायची, कारण जो मोठा ऐकू येतो तोच चांगला वाटतो. मग कॅब, त्यानंतर गेन, शेवटी इक्यू (बास, मिड, ट्रेबलचा तोल), या क्रमाने नवा जुन्याकडे सरकवायचा. वाह-वाह या पायाने हलवायच्या इफेक्टचा पल्ला मात्र असा जुळवता येत नाही. त्यासाठी पेडलवर पाय ठेवून, एक्स्प्रेशनची किमान आणि कमाल मर्यादा मांडवातच लावावी लागते.