एका माइकवरचं भांडण: व्हिडिओ कॉलवर समुपदेशन घेताना

ऑनलाइन थेरपी समोरासमोरच्या थेरपीइतकीच गुणकारी असते, असं जाहिरातींत हमखास वाचायला मिळतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. मानसशास्त्रज्ञ पेर कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 20 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत 1418 जण होते आणि दोन्ही पद्धतींचे परिणाम जवळपास सारखे निघाले. या चाचण्या मात्र संज्ञानात्मक वर्तनोपचाराच्या, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याच्या पद्धतीच्या होत्या. ऑनलाइन तिचं रूप असं: धडे वाचायचे, स्वाध्याय करायचा आणि थेरपिस्टने अधूनमधून मार्गदर्शन करायचं. नैराश्य, चिंता, निद्रानाश अशा एकेकट्याच्या त्रासांवर ही पद्धत चांगली लागू पडते. नवरा-बायको किंवा आई-वडील आणि वयात आलेला मुलगा एकाच कॉलवर बसले की गणित बदलतं. तिथे बोलणंच बिघडलेलं असतं आणि दुरुस्तीही बोलण्यातूनच व्हायची असते. कॉलचं तंत्र नेमकं त्या बोलण्यात लुडबुड करतं.

पहिली लुडबुड वेळेची. एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण 200 मिलिसेकंद जातात. 2009 मध्ये दहा भाषांवर झालेल्या अभ्यासात सरासरी आकडा याच्या आसपास आढळला. आवाज एका बाजूने पोचायला 150 मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर संभाषण सुरळीत चालतं, असा दूरसंचाराचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. 400 च्या पुढे गेलं की निभत नाही. आता वेगवेगळ्या ठिकाणांहून जोडलेल्या जोडप्यातल्या एकाने विचारलं, ‘तुला माझं पटतंय ना?’ आणि ‘हो’ यायला सेकंदभर लागला. एरवी असा उशीर म्हणजे नाखुशी, आणि कान तेच ऐकतो. 2014 मधल्या एका प्रयोगात विलंब यंत्रणेतच घातलेला होता, तरी लोकांनी समोरच्यालाच कमी लक्ष देणारा ठरवलं. म्हणून राउटरजवळ बसावं किंवा केबल लावावी, घरातली बाकीची डाउनलोड थांबवावीत. तरीही अडखळत असेल तर चित्र बंद करून फक्त आवाज ठेवावा, कारण आवाजाला चित्राच्या मानाने फारच थोडा डेटा लागतो.

दुसरी लुडबुड माइकची, आणि ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. बहुतेक जोडपी एका लॅपटॉपसमोर बसतात. एक जण माइकपासून अर्ध्या मीटरवर, दुसरा थोडा मागे, एक मीटरवर. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. मागे बसणारा बहुधा तोच, जो आधीच कमी बोलतो. त्यात सॉफ्टवेअर मोठ्या आवाजाला धरून पातळी ठरवतं, आणि गोंगाट गाळणाऱ्या सोयीला हुंदका, उसासा, चुळबुळ हे सगळं बोलण्याबाहेरचं वाटू शकतं. थेरपिस्टच्या कानावर मग भांडणाची एकच बाजू येते. उलट दिशेनेही तेच होतं. दोघं एकदम बोलत असताना थेरपिस्टने थांबवायला तोंड उघडलं, तर प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणा त्याचाच आवाज दाबू शकते. खोलीत नुसतं पुढे झुकून जे साधतं, ते इथे आधी ठरवून घ्यावं लागतं: कॅमेऱ्यासमोर उघडा तळहात आला की दोघांनीही वाक्य अर्ध्यावर सोडायचं.

एकत्र बसायचं असेल तर कॅमेरा दीड-दोन मीटरवर, डोळ्यांच्या उंचीला ठेवावा. दोघंही डोक्यापासून गुडघ्यापर्यंत दिसली पाहिजेत, कारण मुठी वळणं, पाय हलणं, एकाने हळूच सरकून बसणं हे चेहऱ्याहून जास्त सांगून जातं. साधा वेगळा माइक दोघांच्या मधोमध ठेवावा. एकाच खोलीत दोन फोन उघडून बसू नये. एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि कर्कश शिट्टी सुरू होते. वाद पटकन पेटत असेल तर वेगळ्या खोल्या आणि प्रत्येकाला इअरफोन हे बरं. शरीराची भाषा थोडी हरवते, पण दोघांचे आवाज स्वतंत्र येतात आणि थेरपिस्टला गरज पडल्यास एकाला म्यूट करता येतं.

नजरेचा प्रश्न त्या मानाने सोपा. समोरचा कॅमेऱ्याच्या किंचित खाली पाहत असेल तर तो आपल्याकडेच पाहतोय असं वाटतं. ही सूट खालच्या दिशेला सुमारे 5 अंशांची असते. 60 सेंटिमीटरवर बसलात तर ती जेमतेम 5 सेंटिमीटर भरते. थेरपिस्टची चौकट लहान करून कॅमेऱ्याला खेटून ठेवली की काम झालं. स्वतःचं चित्र लपवावं. रडताना आपलाच चेहरा समोर असेल तर माणूस रडणं आवरतं घेतो.

भिंतीआड कोण ऐकतंय हे थेरपिस्टला दिसत नाही. म्हणून चांगला थेरपिस्ट प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला विचारतो: आत्ता तुम्ही नेमके कुठे आहात, घरात कोण आहे, कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर फोन करू, काही झालंच तर जवळचं कोण येऊ शकेल? ‘कोणी ऐकतंय का?’ हा प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असाच विचारायचा असतो. कोणी आत आलं तर उच्चारायचा एक निरुपद्रवी शब्दही ठरवून ठेवतात. जोडप्याच्या बाबतीत पहिल्या एकत्र सत्राआधी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणं व्हायलाच हवं, आणि हे कुणी टाळत असेल तर तो थेरपिस्ट बदलावा. घरात मारहाण किंवा धाक असेल तर एकत्र सत्र धोक्याचं ठरतं. कॉलवर बोललेल्या खऱ्या गोष्टीची किंमत कॉल संपल्यावर मोजावी लागते.

कॉल संपल्यानंतरचा वेळही कुणी हिशेबात धरत नाही. दवाखान्यातून घरी येईपर्यंत मन थोडं निवतं; इथे लॅपटॉप मिटला की तोच सोफा आणि तोच माणूस. जोडप्यांचे अभ्यासक जॉन गॉटमन यांच्या मते वादात नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरचं ऐकून घेण्याची क्षमता ढासळते आणि शरीर शांत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात. त्यामुळे सत्रात विराम घ्यायचा तर दोन मिनिटांचा उपयोग नाही. सत्रानंतर अर्धा तास वेगळं राहायचं आणि त्या दिवशी तो विषय काढायचा नाही, हे आधीच कबूल करून घ्यावं. 50 मिनिटांच्या सत्रात पंचेचाळिसाव्या मिनिटाला सगळ्यात दुखरा विषय निघाला, तर तो नोंदवून पुढच्या वेळी सुरुवातीला घ्यायचा.

सगळ्यांनाच पूर्ण थेरपी लागते असं नाही. ‘अवर रिलेशनशिप’ या अमेरिकेतल्या इंटरनेट कार्यक्रमाची 300 जोडप्यांवरची चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे आठ तासांचं काम आणि जोडीला प्रशिक्षकाचे मोजके छोटे कॉल, एवढ्यावर नात्यातलं समाधान लक्षणीय वाढलं. अशा कार्यक्रमांत ते छोटे कॉल काढून टाकले की बरेच लोक अर्ध्यावर सोडून देतात.

उपयोग होतोय की नाही, हे अंदाजावर सोडू नये. नैराश्यासाठी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची, 0 ते 27 गुणांची प्रश्नावली आहे. चिंतेसाठी जीएडी-7, 0 ते 21 गुणांची. दर दोन आठवड्यांनी भरावी आणि आकडे थेरपिस्टसोबत पाहावेत. पाच-सहा सत्रांनंतरही ते जागचे हलले नाहीत, तर उद्दिष्ट, पद्धत की आपसातला विश्वास, यांपैकी काय अडतंय ते थेट विचारावं. पीएचक्यूचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल असतो. त्याचं उत्तर शून्याहून जास्त आलं तर ते सत्राआधी कोण पाहणार आणि तास-दोन तासांत कोण फोन करणार, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं. जीव धोक्यात असेल तर पुढच्या सत्राची वाट न पाहता जवळच्या आपत्कालीन सेवेला फोन करायचा असतो.