सीमाभागातल्या शाळा, ऊसतोड आणि मातृभाषेचा वाद

बेळगावच्या शिक्षणाचा अभ्यास १९५६ च्या राज्य पुनर्रचनेला सुरू होतो आणि सीमावादावरच्या १९६७ च्या महाजन अहवालापाशी अडकतो. तो इतिहास वाचकांना पाठ आहे. विषमतेच्या अंगाने बघायचे तर १९९४ हे वर्ष जास्त बोलके ठरते.

त्या वर्षीच्या २९ एप्रिलच्या कर्नाटक सरकारच्या आदेशाने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड, एवढेच ठेवले. निपाणी-खानापूरच्या मराठी शाळांना हा आदेश एका परीने सोयीचाच होता. कोंडी झाली ती इंग्रजी हवे असलेल्यांची, आणि त्यांनी वाटही काढली: परवानगी कन्नड माध्यमाची, वर्ग इंग्रजीतून. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने खासगी विनाअनुदानित शाळांपुरती ही सक्ती मोडीत काढली. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचे, सरकारने माध्यम लादायचे नाही. घटनेच्या चौकटीत हे बिनचूक असेल. निवडीचा हक्क सगळ्यांना मिळाला, फी मात्र ज्याची त्यानेच भरायची.

या वीस वर्षांच्या कोर्टबाजीत बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळीतले मूल कुठेच नाही. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की चिकोडी, अथणी, रायबागच्या साखर कारखान्यांभोवती कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, पडतात. आईबाप मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, फेडायला उसाच्या फडात. थोरली धाकट्याला सांभाळते, हात रिकामा झाला की वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधते. गावाकडची शाळा मराठी, कोपीजवळची बहुतेकदा कन्नड. तिथे बसवलेच तर अक्षरे ओळखीची होईतो पट्टा पडतो, हंगाम संपतो.

स्थानिक मराठी मूल जागचे न हलता भाषिक अल्पसंख्याक ठरले. टोळीतले मूल हललेले, पण हंगामी. जनगणनेच्या स्थलांतराच्या रकान्यात ते नीट सापडत नाही. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठीच्या महाराष्ट्रातल्या साखरशाळा आणि कर्नाटकातल्या तंबूशाळा यांची तुलना राज्य हे एकक धरून केली, की नेमके तेच गळते. कारण ऑक्टोबरपर्यंत ते एका राज्याच्या पटावर असते आणि नंतर दुसऱ्या राज्याच्या हद्दीत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ राज्याबाहेरही शाळा बदलू देते, आणि दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी मात्र दोन्ही राज्ये वर्षानुवर्षे आपापल्या वेगळ्या प्रणालीत ठेवत आली. सीमावादाच्या प्रत्येक फेरीत मराठी शाळा मोजल्या जातात. कोप्यांतली मुले कोणत्याच बाजूने मोजावीशी वाटत नाहीत; त्यांचे आईबाप इथले मतदार नाहीत.